डावीकडे वळताना

गाडी शहाण्या लेकरासारखी उभी होती, आणि मुक़बिलच्या जिवाला घोर लागला होता तो नेमका त्यापायी.

सकाळपासून ती त्याच्या दुकानापुढे मधल्या स्टँडवर चालू होती. मूठ मोकळी, गिअर न्यूट्रल. टप् टप् टप् टप्. एक ठोका इकडचा तिकडे नाही. यमनमधल्या इब्बच्या डोंगरात अर्धं आयुष्य जुन्या मोटरसायकली दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला असा आवाज ऐकून खरं तर बरं वाटायला हवं. मुक़बिलला वाटत होतं, पाना घ्यावा आणि तिच्या टाळक्यात घालावा.

"हुंकार ना, भवाने!" तो गाडीला म्हणाला. "माझ्या भाच्याचा पाय जायची वेळ आली, आणि तुला आजच शहाणपण सुचतंय?"

टप् टप् टप्, गाडी म्हणाली.

झालं होतं ते असं. परवा दुपारी त्याचा भाचा ग़मदान, विधवा बहिणीचा एकुलता एक, याच गाडीवरून बाजारातून परत येत होता. तिठ्यावरच्या नाक्याशी पहारेकरी जुबरानने हात वर केला. ग़मदान थांबला. जुबरानने डावीकडच्या झडतीच्या शेडकडे बोट केलं, की तिकडे घे. पोराने हँडल वळवलं आणि गाडी अशी उसळली की सरळ जुबरानच्या अंगावर. त्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

"मी रेस दिली नाही. गाडी आपोआप उसळली," एवढंच ग़मदान तेव्हापासून सांगत होता. आता हे कोण ऐकून घेणार? आधीच्या आठवड्यात याच जुबरानने त्याला भर उन्हात ताटकळत ठेवलं होतं, आणि या शहाण्याने चारचौघांत त्याला 'नाक्याचा सुलतान' म्हणून घेतलं होतं. सगळा तिठा हसला होता. तोंडाला आवर नाही, दुसरं काय! त्यामुळे गाडी अंगावर गेली तेव्हा बघणाऱ्यांनी मनात हिशेब मांडूनही टाकला.

जुबरानचा थोरला भाऊ शाइफ तर पेटला होता. मुद्दाम घातली, म्हणाला, पायाला पाय पाहिजे. त्याच रात्री काहीतरी विपरीत घडलं असतं, पण म्हातारा पंच अब्दुलवली मध्ये पडला. त्याने आमच्या रीतीप्रमाणे दोन्ही घरांकडून एकेक बंदूक जामीन म्हणून ठेवून घेतली. म्हणजे निवाडा होईपर्यंत कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. ग़मदानला नाक्यावरच्या खोलीत कोंडलं. आणि आज जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर निवाडा. प्रश्न एकच: चूक, की मुद्दाम? चूक ठरली तर मुक़बिलच्या घराने जुबरानच्या बापाच्या दारात बैल कापायचा, हात जोडायचे, औषधपाणी करायचं आणि पोराला घरी न्यायचं. मुद्दाम ठरलं तर पंच दोन्ही बंदुका परत करणार आणि बाजूला होणार. मग शाइफ मोकळा.

"गाडीत दोष असेल तर दाखव," पंचाने काल मुक़बिलला बजावलं होतं. "तोंडी सांगू नकोस. दाखव."

म्हणून तो पहाटेपासून शोधत होता. स्लोवर गाडी आपोआप रेस खाते ती बहुतेक वेळा कुठूनतरी चोरून हवा ओढते म्हणून. त्याने साबणाचं पाणी करून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर चहूकडून सोडलं. फट असती तर पाणी आत ओढलं जाऊन आवाज बदलला असता. बदलला नाही. कार्बोरेटर उतरवला. स्लोचं बारीक जेट उजेडाला धरलं, तर सुईच्या टोकाएवढं भोक स्वच्छ. मुठीची केबल बघितली, कुठे अडकत नव्हती. प्लग काढला, विटकरी रंगाचा, हवा तसा. इंजिन तापवून बघितलं, गार करून बघितलं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्यांदा वळवलं की खांदा भरून आला. टप् टप् टप्.

दोन महिन्यांत ग़मदान दोनदा दुकानात आला होता. "मामा, ही मध्येच हुंकारते." दोन्ही वेळा मुक़बिलने तपासलं होतं आणि दोन्ही वेळा सांगितलं होतं, "गाडी ठीक आहे, तुझा हातच चुळबुळा आहे." ते वाक्य आता त्याला टोचत होतं.

ऊन चढलं तशी बहीण तक़िया आली. हातात फडक्यात बांधलेली भाकर, डोळे रडून सुजलेले. तिने गाडीचा आवाज ऐकला आणि दारातच थबकली.

"अजून अशीच चालते?"

"अशीच."

"म्हणजे दोष नाही?"

"दोष आहे, ताई. सापडत नाही."

तक़िया गाडीपाशी उकिडवी बसली. लहानपणापासून भावाच्या दुकानात उठबस, तिला थोडंफार कळत होतं. तिने कार्बोरेटरच्या कुशीतल्या पितळी स्क्रूवर बोट ठेवलं. "हा स्लोचा ना?"

मुक़बिलने मान हलवली.

"हा पिळला की हुंकारते ना? मग पीळ की."

"ताई, शाइफला गाड्यांतलं कळतं."

"शाइफला गाड्या कळतात, आणि तुला भाचा कळतो की नाही?" तिचा आवाज फाटला. "मी काय खोटं बोलायला सांगते का? पोरगा खरंच सांगतोय. खऱ्याला जरा हात द्यायचा, एवढंच. माझं एकच आहे रे, मुक़बिल. लंगडं करतील त्याला, नाहीतर मारूनच टाकतील."

मुक़बिलने स्क्रू ड्रायव्हर उचलला. रस्त्यावर माणसं येत-जात होती. त्याने अंगाचा आडोसा केला आणि स्क्रू अर्धा आटा पिळला. गाडी लगेच हुंकारली, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. तक़ियाने डोळे मिटले.

तो तसाच ऐकत राहिला. गाडी हुंकारतच होती. हुंकारतच होती. आणि ते ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात काहीतरी खटकलं. स्क्रूने चढलेली रेस चढलेलीच राहते. पोरगा तर नाक्यापर्यंत टुकूटुकू आला, थांबला, गाडी नीट चालू होती. उसळली ती वळवताना. म्हणजे दोष कार्बोरेटरमध्ये नाहीच! वळवताना काहीतरी ओढलं जात होतं. पण हँडल तर त्यानेही सकाळपासून शंभरदा वळवलं. मग परवा असं काय होतं, जे आज नाही?

त्याने स्क्रू परत जागेवर आणला. "ताई, परवा त्याच्या गाडीवर काय काय होतं?"

"काय असणार? तो एकटाच होता."

"सामान?"

"सामान कुठलं! पाहुणे येणार होते, मीच म्हटलं येताना क़ात घेऊन ये. चांगली मोठी जुडी."

"ती ठेवली कुठे होती?"

तक़ियाने त्याच्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. "कुठे ठेवतात? तू काय विलायतेतून आलास आज? हँडलला!"

हो, हँडलला. सगळेच हँडलला बांधतात. दुपारी जेवणानंतर तरतरीसाठी गालात धरायची ती क़ातची कोवळी पानं सुकू नयेत म्हणून जुडी ओल्या शालीत गुंडाळायची आणि उजव्या मुठीखाली गाठ मारून लटकवायची. डोळ्यांसमोर राहते, वारा लागतो, चोरीला जात नाही. आणि हँडलही आमच्याकडे कोणाचं मूळचं नसतं. मागे दोन माणसं आणि एक पोतं बसवलं की चालवणारा पुढे टाकीवर सरकतो, गुडघे हँडलला लागतात. म्हणून नवी-जुनी कुठलीही गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे वीतभर उंच हँडल बसवायचं. केबल मात्र जुनीच. ती बदलायचं कोणाच्या मनातही येत नाही, कारण तशी ती पुरते. जेमतेम पुरते.

"मग ती जुडी कुठे आहे आता?" मुक़बिलचा आवाज चिरकला.

"मला काय माहीत! नाक्यावरच्या मेल्यांनी त्याच दुपारी चघळून टाकली असेल. अशी वस्तू कोणी सोडतं का?"

मुक़बिलने कपाळावर हात मारून घेतला. ग़मदान दोन्ही वेळा दुकानात आला तो सकाळी, बाजार भरायच्या आधी, मोकळ्या हँडलने. आणि परवाचा पुरावा पहारेकऱ्यांच्या गालांत गेला!

त्याने खांद्यावरची शाल ओढली, एक पोतं भिजवून तिच्यात गुंडाळलं, उजव्या मुठीखाली, केबल जिथे वाकते तिथेच, करकचून गाठ मारली. गाडी टप् टप् करत होती. त्याने हँडल हळूच डावीकडे वळवलं.

गाडी अशी किंचाळली की तक़ियाच्या हातातली भाकर खाली पडली.

सरळ केलं, टप् टप्. डावीकडे, पुन्हा किंकाळी. मुक़बिल हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तक़ियाने त्याच्या तेलकट हाताचा मुका घेतला आणि मग त्याच हातावर एक चापट मारली. "एवढी अक्कल सकाळी का नाही आली?"

नमाज झाली. दुकानापुढच्या अंगणात माणसं जमली. पंच अब्दुलवली बाजेवर बसला, पुढ्यात सतरंजीवर दोन बंदुका शेजारी शेजारी. जुबरानचा बाप हाजी सिनान एका बाजूला काठीवर हनुवटी टेकून. दोन रात्री इस्पितळात काढलेल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. शाइफ बसला नाही. कमरेच्या वाकड्या खंजिराच्या, जंबियाच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

मुक़बिलने करून दाखवलं. शाल, ओझं, डावं वळण. गाडी किंचाळली, माणसं दचकून मागे सरली. "ओझ्याने केबल ताणली जाते, वर डावीकडे वळवलं की ती अपुरी पडते आणि रेस आपोआप चढते. क्लच दाबून उभ्या असलेल्या पोराच्या हातात असं झालं तर तो दचकणारच," मुक़बिल म्हणाला. "क्लच सुटणारच. गाडी उसळणारच."

क्षणभर वाटलं, झालं, सुटला पोरगा.

शाइफने टाळ्या वाजवल्या. संथ, एकेक. "वा, उस्ता, वा! मामाचं दुकान, मामाचे पाने, मामाची शाल. आणि भाच्याची गाडी रात्रभर मामाच्या कुशीत. आता मला सांग, सकाळी मी या गल्लीतून जात होतो तेव्हा ही एकदा मोठ्यांदा हुंकारली होती. बराच वेळ. तेव्हा तर शाल तुझ्या खांद्यावर होती. तेव्हा काय चाललं होतं?"

दुकानाच्या दारात तक़िया उभी होती, तिने ओढणीने तोंड दाबलं. खोटं बोलायला एक क्षण होता, आणि त्या क्षणात सांगण्यासारखं शंभर काही होतं. पण सगळ्यांच्या नजरा त्याच्या तेलकट हातांवर होत्या.

"स्क्रू पिळला होता," तो म्हणाला. "तो पिळून तुम्हाला फसवावं असं मनात आलं होतं. मग परत जागेवर आणला."

एकच गलका उडाला. "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी?" शाइफ ओरडला. "अजून काय पाहिजे? पंच, द्या बंदुका!"

हाजी सिनानने मान खाली घातली. पंच अब्दुलवलीने मुक़बिलकडे बघितलं ते रागाने नाही, कीव येऊन, आणि मुक़बिलला ते जास्त लागलं. पंचाचा हात सतरंजीकडे वळला. मुक़बिलला दिसलं, संपलं. पोरगा खरं बोलतो आहे आणि मी त्याला बुडवला.

तेव्हाच त्याची नजर अंगणाच्या कडेला गेली. तिथे शाइफची गाडी उभी होती. उंच हँडल, मुठींना लाल लोकरीची झूल, आणि उजव्या मुठीखाली, आत्ताच बाजारातून आणलेली, ओल्या शालीतली भलीमोठी जुडी.

"माझी गाडी बघू नका!" तो जवळजवळ किंचाळलाच. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. शाइफ, तुझ्या गाडीला मी कधी हात लावलाय?"

"तू? मी तुला तिच्या सावलीत उभा करणार नाही."

"मग झालं तर. तिच्यावर बस आणि डावीकडे वळव."

"तमाशे बास झाले. मला वेळ..."

"बस म्हणतोय तर बस," हाजी सिनान म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "पण मला इंजिनाच्या आवाजातलं काही कळत नाही. आवाज ऐकून मी माझ्या पोराच्या पायाचा न्याय करणार नाही. नाक्यावर झालं तसं सगळं झालं पाहिजे. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला. आणि जुबरान उभा होता तिथे कोणीतरी उभं राहिलं पाहिजे."

"मी राहतो," मुक़बिल म्हणाला.

"मुक़बिल!" दारातून तक़िया ओरडली. तो तिच्याकडे बघायचं टाळून अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

शाइफ हसत गाडीवर बसला. किक मारली, पहिला गिअर टाकला, हळूहळू येऊन मुक़बिलच्या पुढ्यात थांबला. पुढचं चाक त्याच्यापासून दोन हातांवर. उंच हँडलच्या वर शाइफचे डोळे, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मुक़बिलला स्वच्छ दिसत होतं. त्या क्षणी त्याला दोन गोष्टींची भीती एकदम वाटली. एक अशी की याच्या केबलला बोटभर ढील असेल, गाडी गप्प राहील, आणि ग़मदान संपेल. दुसरी साधी होती. हा माणूस मला चिरडायला टपलाय.

मुक़बिलने जुबरानसारखा हात वर केला. मग डावीकडे बोट दाखवलं.

शाइफने क्लच दाबलेला होता, मूठ मोकळी होती. सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने उजव्या हाताची बोटंसुद्धा पसरून दाखवली. मग तसंच हसत त्याने हँडल वळवलं.

गाडी किंचाळली. शाइफचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळे फाटले, अंग दचकून मागे गेलं, डावा हात सुटला. मुक़बिलला चाक वर उचललेलं दिसलं. मग नडगीवर घणाचा घाव बसावा तसं काहीतरी बसलं आणि तो उताणा मातीत पडला. गाडी त्याला घासून पुढे गेली, बाजेच्या पायाला धडकली आणि बंद पडली. बंदुका सतरंजीवर एकमेकींवर आदळल्या.

तक़िया धावत आली आणि भावाचं डोकं मांडीवर घेतलं.

शाइफ गाडीवर तसाच बसला होता, चेहरा पांढराफटक. "मी नाही..." तो म्हणाला. "बाबा, वल्लाह, मी रेस दिली नाही! गाडी आपोआप उसळली!"

अंगणातल्या प्रत्येकाने ते ऐकलं. आणि प्रत्येकाला आठवलं की हेच शब्द आपण दोन दिवस ऐकतोय आणि दोन दिवस त्यांना हसतोय. शाइफलाही ते आठवलं असावं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मुक़बिल कोपरावर उठला. नडगीतून कळा मस्तकात जात होत्या. "हाजी," तो धापा टाकत म्हणाला, "मला विचाराल तर हा मुद्दाम अंगावर आला. मी त्याचे डोळे बघितलेत. पंचांसमोर शपथेवर सांगेन. सकाळपासूनचा राग होता त्याच्या मनात, अंगणातली सगळी माणसं साक्षीला आहेत. आता बोला, काय करायचं याचं?"

"उस्ता, खरंच नाही रे..." शाइफ पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खरंच नाही."

हाजी सिनान काठी टेकत टेकत उठला. आधी मुक़बिलपाशी आला, खाली वाकला, पायावरून हात फिरवला. "हाड शाबूत आहे," तो तक़ियाला म्हणाला. "पाणी आण, पोरी. गार पाणी." मग तो लेकाच्या गाडीकडे वळला आणि बराच वेळ त्या लाल झुलीकडे, त्या लटकणाऱ्या जुडीकडे बघत राहिला. पंचाने सतरंजीचं टोक उचलून दोन्ही बंदुका झाकून टाकल्या.

"उतर," म्हातारा शाइफला म्हणाला.

शाइफ उतरला.

"तिठ्यावर जा. त्या पोराला खोलीतून काढ आणि त्याच्या आईकडे घेऊन ये. त्याला सांग, मी पाठवलंय." त्याने काठीने रस्ता दाखवला. "आणि चालत जा."

शाइफ खाली मान घालून अंगणाबाहेर पडला. जुडी हँडललाच लटकत राहिली, आणि त्या दुपारी कोणी तिला हात लावला नाही.